एका पगाराचं घर आणि घेवड्याचा वेल

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥

काटकसर हा गृहस्थाचा धर्म आहे, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. अंथरूण पाहून पाय पसरावे, हे तर आपल्याकडे मुलाला पाढ्यांच्या आधी शिकवतात. त्यात चूक काहीच नाही. पण एक प्रश्न मात्र आपण सहसा विचारत नाही. घरात जी काटकसर झाली ती कोणाच्या वाट्याला आली? अंथरूण आखूड होतं हे खरं, पण पाय नेमके कोणाचे उघडे राहिले?

हा प्रश्न दत्तजयंतीच्या अंकात कशासाठी, असं कोणी म्हणेल. कारण असं की, मंदिराच्या कट्ट्यावर आरतीनंतर जे बोलणं चालतं त्यात एक वाक्य हमखास येतं. "अहो, आम्ही एका पगारात सात माणसं सांभाळली, बहिणीचं लग्न केलं, मुलं शिकवली. आता यांना दोघांच्या पगारात एक मूल जड होतं." बोरिवलीत ऐका, मुलुंडला ऐका, वाक्य तेच. म्हणणारे खोटं बोलत नाहीत. त्यांनी खरोखरच ते करून दाखवलं आहे. पण त्या वाक्यातल्या "आम्ही" या शब्दाची जरा उकल करावी, असं फार दिवस मनात होतं. आणि आपल्या संप्रदायाच्या ग्रंथांत त्याबद्दल बरंच काही सांगून ठेवलेलं आहे.

ती घरं कशी चालली

साठ-सत्तरच्या दशकांत गिरगाव, परळ, लालबागच्या चाळींतून माणसं अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंडकडे सरकू लागली. घरात मिळवता एक. कोणी गिरणीत, कोणी रेल्वेत, बेस्टमध्ये, महापालिकेत, कोणी बँकेत किंवा एलआयसीत. खाणारी तोंडं सहा-सात. पगाराच्या दिवशी पैशांच्या पुड्या व्हायच्या. भाड्याची, वाण्याची, दुधाची, शाळेची, रेल्वेच्या पासाची. एका पुडीतलं दुसरीत गेलं तर ते वहीत लिहायचं.

मे महिन्यात वर्षाचं धान्य भरायचं. तांदळाला बोरिक पावडर, गव्हाला एरंडेल. गच्चीवर पापड, कुरडया, सांडगे. दुधावरची साय साठवून विरजण, त्याचं लोणी, लोण्याचं तूप, आणि तूप कढवल्यावर खाली राहिलेल्या बेरीत गूळ घालून मुलांच्या हातावर. साडी विरली की तिची गोधडी, नाहीतर धाकट्याचं झबलं, पुढे पायपुसणं आणि शेवटी सायकल पुसायचं फडकं. थोरल्याची पुस्तकं ब्राऊन पेपरचं नवं कव्हर घालून धाकट्याला. वर्ष संपलं की वह्यांतली कोरी पानं काढून त्यांची एक कच्ची वही शिवायची. रात्रीचा भात सकाळी फोडणीचा, रात्रीची पोळी सकाळी कुस्करा. लोकलचा पास तीन महिन्यांचा, कारण तो स्वस्त पडतो. दिवाळीचा बोनस हातात आला की आधी पोस्टात किंवा सोनाराकडे, मग कपडे.

हे सगळं वाचताना वाचकांतल्या पुष्कळांना आपलंच घर दिसेल. या सवयींत एक शहाणपण होतं. वस्तूला शेवटपर्यंत मान द्यायचा, तिचा कंटाळा आला म्हणून ती फेकायची नाही. अन्न टाकायचं नाही, कारण ते पूर्णब्रह्म. आजच्या काळातही ही सवय जुनी झालेली नाही.

पण न्यायाने बोलायचं तर आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्या काटकसरीच्या पाठीशी बाहेरची काही व्यवस्थाही उभी होती. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्यामुळे भाड्याच्या खोलीचं भाडं वाढत नव्हतं. गोरेगावच्या आरे कॉलनीत १९४९ पासून दुग्धवसाहत उभी राहिली आणि सरकारी केंद्रांवरून शहराला ठरलेल्या दराचं दूध मिळू लागलं. रेशनवर साखर आणि रॉकेल होतं. महापालिकेची शाळा होती, पुढे ई.बी.सी.ची फी-सवलत होती. नायगावच्या कामगार वस्तीत १९४८ साली सुरू झालेल्या अपना बाजारसारखी सहकारी दुकानं होती. एक पगार पुरला त्यात आपल्या संयमाचा वाटा मोठा होता, पण सगळा वाटा त्याचा नव्हता.

आणि जेव्हा ही व्यवस्था डगमगली तेव्हा नुसत्या काटकसरीने भागलं नाही, हेही आपण पाहिलेलं आहे. १९७२ चा दुष्काळ आठवा. धान्य, तेल, रॉकेल सगळंच महाग आणि दुर्मीळ. त्या वर्षी मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती स्थापन झाली. गोरेगावच्या मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते या पुढे होत्या. घराघरांतल्या बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. ज्यांनी आयुष्यभर चिमटीने मीठ मोजलं त्याच या बायका. काटकसरीला एक तळ असतो आणि तिथे पोचल्यावर आणखी खरवडायला सांगणं हा उपदेश नव्हे, हे त्यांना कोणी शिकवायला लागलं नाही.

आजच्या एका पगाराच्या घराकडे पाहताना हे ध्यानात ठेवावं. मुलगा अंधेरीला कामाला, सून दुसऱ्या बाळंतपणानंतर नोकरी सोडून घरी, पगाराचा मोठा लचका घराच्या हप्त्याने तोडलेला, आणि नर्सरीची फी आपल्या वेळच्या कॉलेजच्या फीपेक्षा कितीतरी जास्त. २०२० च्या टाळेबंदीत तर दोन पगारांची कितीतरी घरं एका रात्रीत एका पगारावर आली. त्यांना "आमच्या वेळी" म्हणून ऐकवण्याआधी आपल्या वेळचं खोलीभाडं आठवून पाहावं.

एका पैचा हिशेब आणि कदर्यू

आता ग्रंथांकडे वळू. काटकसर आणि कंजूषपणा दुरून अगदी सारखे दिसतात. दोन्हींत वही असते, दोन्हींत "नको" हा शब्द असतो. मग फरक कुठे?

नाथमहाराजांची कथा आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. देवगिरीवर जनार्दनस्वामींकडे राहत असताना त्यांच्याकडे हिशेबाचं काम होतं. एकदा एका पैची चूक सापडेना. रात्रभर दिवा लावून बसले आणि पहाटे ती सापडली तेव्हा आनंदाने टाळी वाजवली. स्वामी म्हणाले, एका पैसाठी एवढं ध्यान लागतं, तर असं ध्यान भगवंताकडे लाव. हाच पैचा हिशेब ठेवणारा माणूस पुढे पैठणला काय करतो? काशीहून रामेश्वराला न्यायची गंगा वाटेत तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात ओततो. श्राद्धाचा स्वयंपाक दारातल्या भुकेल्यांना वाढून टाकतो.

पै शोधणारा आणि कावड रिकामी करणारा माणूस एकच, हे लक्षात घ्या. पै शोधली ती साठवण्यासाठी नव्हे. जिथली तिथे लागावी म्हणून शोधली. काटकसरीची याहून चांगली ओळख मला तरी सापडलेली नाही. पैसा चुकीच्या जागी जाऊ नये, म्हणजे योग्य जागी जायला तो शिल्लक राहतो.

याच्या उलट चित्र भागवताच्या एकादश स्कंधात आहे. त्याच स्कंधावर नाथांनी काशीत शके १४९५ म्हणजे १५७३ साली आपली टीका पुरी केली. त्यात अवंती नगरीतल्या एका धनवान ब्राह्मणाची गोष्ट येते. त्याला नावच कदर्यू पडलेलं. पैसा उदंड, पण अतिथीला गोड शब्दसुद्धा नाही. बायको, मुलं, नोकर सगळे त्याच्या घरात उपाशीच्या पंगतीला. पुढे त्याचं सगळं गेलं आणि मग त्याला वैराग्य आलं. पण तोपर्यंत घरच्यांचं जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. कदर्यू कोणाला म्हणावं? जो लोभापायी स्वतःला, बायकोमुलांना आणि धर्माला पीडा देतो त्याला. म्हणजे कंजूष कोण हे किती साठवलं यावरून ठरत नाही. ते साठवण्यासाठी कोणाला पिळलं, यावरून ठरतं.

त्याच एकादश स्कंधात अवधूताचे चोवीस गुरू आहेत. त्यांतला मध गोळा करणारा आठवा. माश्या कणाकणाने मध साठवतात, स्वतः खात नाहीत, दुसऱ्याला देत नाहीत, आणि तो काढून नेणारा भलताच असतो. संन्याशाने यातून संग्रह करू नये हे घ्यायचं. गृहस्थाला तसं करून चालत नाही. बाकीचे तिन्ही आश्रम गृहस्थाच्या चुलीवर जगतात, त्यामुळे त्याला डबा भरून ठेवावाच लागतो. त्याने घ्यायचं ते एवढंच, की भरलेला डबा कधीतरी उघडलाही पाहिजे.

कांकणं आणि घेवडा

इथवर सगळे सहमत होतील. आपण कोणीच कदर्यू नव्हतो. पोटाला चिमटा काढला तो मुलांसाठी काढला. पण गोष्ट इथे संपत नाही. घरात लोभ कोणालाच नसतो, तरीही एका माणसावर अन्याय होऊ शकतो. आणि तो इतक्या प्रेमाने होतो की कोणाच्या ध्यानातही येत नाही.

चोवीस गुरूंतच एक कुमारी आहे. तिला पाहायला पाहुणे आलेले असतात, घरची माणसं बाहेर गेलेली. पाहुण्यांना जेवायला तर घातलं पाहिजे, म्हणून ती आत एकटीच साळी कांडायला बसते. हातातल्या कांकणांचा आवाज होतो. घरी कांडणाऱ्या बाया नाहीत, मुलगी स्वतः कांडते आहे, हे पाहुण्यांना कळेल याची तिला लाज वाटते. म्हणून ती कांकणं एकेक करून कमी करते. दोन राहतात तरी ती वाजतातच. शेवटी एकच ठेवते आणि आवाज थांबतो. अवधूताने यातून एकांताचा उपदेश घेतला. जोगी माणसाने तो घ्यावाच.

पण आपण गृहस्थांनी त्या मुलीकडेही एकदा पाहावं. घरची गरिबी बाहेर दिसू नये म्हणून तिने आवाज बंद केला तो स्वतःच्या हातातला. घराची अब्रू राखण्याचं काम तिला कोणी सांगितलं नव्हतं, तिने ते आपणहून केलं. आपल्या घरांतही असंच झालं. काटकसरीचा आवाज बाहेर येऊ नये म्हणून कोणीतरी आपली कांकणं उतरवत गेलं.

गुरुचरित्राच्या अठराव्या अध्यायातली कथा तर दर पारायणात आपण वाचतो. कृष्णाकाठच्या अमरापुरात एक दरिद्री ब्राह्मण राहतो. भिक्षेवर घर चालतं. भिक्षा कमी पडली की दारातल्या घेवड्याच्या शेंगा शिजवून दिवस काढायचा. एक दिवस श्रीनृसिंहसरस्वती भिक्षेला येतात. नवरा घरी नसतो. बाई घेवड्याचीच भाजी करून वाढते. महाराज तृप्त होऊन निघतात आणि जाता जाता तो वेल उपटून टाकतात. बाई रडायला लागते. नवरा घरी येऊन तिची समजूत घालतो, की जे प्रारब्धात आहे ते होणार, गुरूंना दोष देऊ नये. मग वेलाचं मूळ खणताना धनाने भरलेला कुंभ सापडतो.

आपलं सगळं लक्ष त्या कुंभाकडे जातं. पण सरस्वती गंगाधरांनी बाईचं रडणं झाकून ठेवलेलं नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. नवरा श्रद्धावान होता, त्याचं बोलणं खरंही ठरलं. परंतु कोणत्या संध्याकाळी किती शेंगा निघाल्या आणि कोणतं पोर त्यामुळे रात्री रडलं नाही, हे फक्त तिला माहीत होतं. तत्त्वज्ञान त्याच्याकडे होतं, हिशेब तिच्याकडे. म्हणून रडली ती. आणि ध्यानात घ्या, याच बाईने अतिथीला रिकाम्या हाताने परत पाठवलं नव्हतं.

साय आवडत नाही

एका पारायणाच्या वेळी महाप्रसादासाठी तांदूळ निवडायला बायका बसल्या होत्या. दुधाच्या भावावरून विषय निघाला. एका सूनबाईंनी आपल्या सासूबाईंना सहज विचारलं, "आई, तुम्ही साय का नाही हो कधी घेत? बाबांना आणि मुलांनाच वाढता." सासूबाईंचं वय सत्तरीच्या पुढचं. त्या सुपातून मान वर न करता म्हणाल्या, "अगं, मला साय आवडत नाही असं मी चाळीस वर्षं सांगत आले. आता खरंच आवडत नाही."

कोणी काही बोललं नाही. सगळ्याजणी तांदूळ निवडत राहिल्या, कारण प्रत्येकीची एकेक साय होती. कोणाला पोळीपेक्षा भाकरीच बरी वाटते, कोणाला नवी साडी मिरवायची हौस नाही, कोणाला दाढ दुखली तरी लवंग धरून बरं वाटतं, कोणाला चष्म्याचा नंबर बदललेलाच नाही. ही वाक्यं आपण आपल्या आईच्या, बायकोच्या, थोरल्या बहिणीच्या तोंडून ऐकलेली आहेत. आणि ऐकून समाधान मानलेलं आहे.

ही नुसती भावनेची गोष्ट नव्हे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्क्यांना रक्तक्षय आढळला. त्याच पाहणीत याच वयाच्या पुरुषांचं प्रमाण २५ टक्के आहे. त्याची कारणं अनेक आहेत, बाळंतपणं आहेत, आहार आहे, आजार आहेत. पण सगळ्यांना वाढून झाल्यावर उरेल ते खायचं, ही रीत त्या आकड्यात कुठेच नाही, असं कोण म्हणेल?

पुरुषांनीही सोसलं, हे नाकारायचं नाही. दोन स्टेशनं चालत जाऊन बसचं भाडं वाचवणारे, ओव्हरटाइम करून डोळे घालवणारे, एकाच चपलेला तीनदा तळ लावणारे वडील आपण पाहिलेत. १९८२ च्या गिरणी संपानंतर तर ज्यांच्या एका पगारावर घर होतं तो पगारच गेला, आणि मिळेल ते काम करून माणसांनी मुलं शाळेत ठेवली. त्यांचाही त्याग तेवढाच मुका होता. म्हणूनच प्रश्न बाई की पुरुष एवढाच नाही. घरातल्या एकानेच गुपचूप सोसायचं आणि बाकीच्यांनी ते माहीत नसल्यासारखं जगायचं, ही काटकसरीची रीत बरोबर आहे का, असा आहे.

माझ्या मते बरोबर नाही. गुपचूप केलेला त्याग करणाऱ्याला पुण्य देत असेल, पण घराला आंधळं करतो. मुलांना वाटतं, पैसा पुरतोच. नवऱ्याला वाटतं, आपला पगार पुरेसा आहे. मग जिच्या जिवावर तो पुरत होता ती अंथरुणाला खिळली की कळतं, वेलाचं मूळ कुठे होतं.

मग करावं काय

पहिली गोष्ट, हिशेब उघडा असावा. नाथांच्या पैसारखा. महिन्यातून एकदा, पगारानंतरच्या रविवारी म्हणा, नवरा, बायको, जाणती मुलं आणि घरात असतील तर आजी-आजोबा यांनी एकत्र बसावं. आले किती, हप्ते किती, उरले किती. दहा वर्षांच्या मुलाला हे समजतं. त्याला "आपल्याला परवडत नाही" हे रागाने न सांगता वहीतून दाखवलं तर तो हट्ट सोडतो, आणि त्याला घराचा भागीदार झाल्यासारखं वाटतं.

दुसरी गोष्ट, कात्री वस्तूवर आधी चालावी, माणसावर नंतर. जिथे कोणाचंही काही जात नाही तिथली बचत पहिली. साठ वॅटचा जुना दिवा काढून नऊ वॅटचा एलईडी लावला आणि तो रोज पाच तास जळला, तर महिन्याला साडेसात युनिटं वाचतात. डाळ आधी भिजवली आणि पहिल्या शिटीनंतर गॅस बारीक केला तर सिलिंडर लांबतो. आठवड्यातून एकदा चारशे रुपयांचं जेवण बाहेरून मागवायची सवय असेल तर वर्षाला ते २०,८०० रुपये होतात. महिन्यातून एकदाच मागवलं तर मजा राहते आणि सोळा हजार हातात राहतात. क्रेडिट कार्डाची बाकी तर कधीच मागे ठेवू नये. महिना साडेतीन टक्के ऐकायला बारीक वाटतं, वर्षाचं ते सरळ हिशेबाने बेचाळीस टक्के होतं. पूर्वीचा पठाणी सावकार आता मोबाइलमध्ये राहायला आला आहे, एवढाच काय तो फरक.

तिसरी गोष्ट, काही ठिकाणी कात्री लावायचीच नाही, हे आधी ठरवावं. वाढत्या मुलांचं आणि त्यांच्या आईचं दूध-डाळ. डॉक्टर आणि औषध. मिळवत्या माणसाचा विमा, कारण एका पगाराच्या घराला एकच खांब असतो. आणि दारात आलेल्याचा चहा. हा चहा वाचवून कोणी श्रीमंत झालेलं ऐकिवात नाही.

चौथी गोष्ट, जमेल तिथे काटकसर चार घरांनी मिळून करावी. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून हेच करत आली आहे. शेजारची कुटुंबं मिळून एक संघ करतात, महिन्याची यादी आधी देतात, घाऊक माल येतो आणि सभासद कोणाच्या तरी घरी बसून तो आपापसात वाटून घेतात. विलेपार्ल्यापासून मुलुंड-बोरिवलीपर्यंत कितीतरी घरांचं किराणा सामान असं येत आलं. त्यात पैसे वाचतात ते वाचतातच. पण मला त्यातलं दुसरंच जास्त भावतं. चार घरांनी मिळून साबण-साखर वाटून घेतली की काटकसरीची लाज वाटत नाही. कांकणं उतरवावी लागत नाहीत.

पाचवी गोष्ट आपल्या वयाच्या लोकांसाठी. मुलगा-सून एका पगारात घर चालवत असतील तर त्यांना आपल्या जुन्या काटकसरीच्या कथा ऐकवण्यापेक्षा विचारावं, की कुठे अडतं? नातवंडाला दोन तास सांभाळणं, वीजबिल आपल्या पेन्शनीतून भरणं, वाढदिवसाला चौथं खेळणं न आणता त्याच्या नावाने पोस्टात खातं उघडणं, हे आपल्या हातातलं आहे. आणि आपल्या कथा सांगायच्याच असतील तर पुऱ्या सांगाव्या. "आम्ही एका पगारात घर चालवलं" म्हणताना पगार कोणी आणला हे जसं सांगतो, तसंच तो पुरवला कोणी आणि त्यासाठी तिने काय काय आवडत नाही असं सांगितलं, हेही सांगावं. ती शेजारी बसलेली असेल तर तिच्यादेखत सांगावं.

महाप्रसादाचं पान

गुरुचरित्रात भास्कर नावाच्या गरीब ब्राह्मणाची कथा आहे. तो गाणगापूरला तिघांपुरता शिधा घेऊन आला. रोज दुसरंच कोणीतरी समाराधना करी, त्यामुळे त्याचा शिधा उशाशी तसाच राहिला. लोक त्याला हसू लागले. शेवटी महाराजांनी त्यालाच स्वयंपाक करायला सांगितला आणि त्या तिघांपुरत्या अन्नात चार हजार माणसं जेवली. अन्न वाढवणं हे महाराजांचं सामर्थ्य, ते आपल्याकडे नाही. पण थोडकं आहे म्हणून न लपवता ते पंक्तीसाठी बाहेर काढणं, एवढं भास्कराने केलं होतं. तेवढं कोणत्याही एका पगाराच्या घराला जमतं.

पंक्तीचा एक नियम आपल्याला माहीत आहे. महाप्रसादाला बसलं की सगळ्यांच्या पानात सारखं वाढायचं. कमी असेल तर सगळ्यांना थोडं कमी. एकाचं पान रिकामं ठेवून बाकीच्यांना पुरवणं मंदिरात कोणी खपवून घेणार नाही. मग घराच्या पंक्तीला दुसरा नियम का असावा? माझ्यापुरतं काटकसरीच्या साऱ्या धर्मशास्त्राचं उत्तर एवढंच आहे. कमी पडलं तर सगळ्यांना थोडं कमी पडू द्यावं, आणि ते सगळ्यांना ठाऊक असावं.

या दत्तजयंतीला घरी नैवेद्य दाखवून झाला की एक छोटी गोष्ट करून पाहावी. रोज जी सगळ्यांना वाढून शेवटी बसते तिला पहिल्यांदा पाटावर बसवावं. ताट दुसऱ्या कोणीतरी वाढावं. साय तिच्या वाटीत घालावी. "मला नको" म्हणाली तर थांबावं, आणि ती खाईपर्यंत उठू नये.

अवधूतचिंतन श्रीगुरुदेव दत्त!